नातेवाईकांना समजावून सांगितले

पुसदच्या रस्त्यावर एक तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय आहे. त्याचे नाव देण्यात अर्थ नाही. असली रुग्णालये पुष्कळ आहेत आणि सर्वांना सारख्याच पिवळ्या रंगाचा हात दिलेला असतो. प्रवेशद्वारात डावीकडे रुग्णांच्या हक्कांची सनद टांगलेली आहे. सनदेत अकरा हक्क आहेत. त्यांपैकी चार कुणा चष्मेवाल्याच्या जाहिरातीखाली झाकले गेले आहेत, आणि ती जाहिरात काढण्याचा अधिकार नेमका कोणाचा, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. उजवीकडे मात्र पुरुषांचा वॉर्ड लागतो. तेथे पाऊल टाकताच प्रभावती सिस्टरांचा आवाज कानावर येतो, आणि त्या झाकलेल्या चार हक्कांची उणीव फारशी जाणवत नाही.

"मारोती, हे चादर धुतली का नुसती पाण्याले दाखवून आणली?"

"धुतली ना, सिस्टर."

"मंग पाणीच आजारी दिसते. त्यालेही एक खाट दे."

मारोती हा कक्षसेवक. गेली अकरा वर्षे तो ही बोलणी खात आला होता आणि त्या खुराकावर चांगलाच धष्टपुष्ट झाला होता.

प्रभावती मुनेश्वर चोपन्न वर्षांच्या. बांधा ठेंगणा, चाल भरधाव, आणि हसणे असे की बाहेर रिक्षावाल्यालाही आपण काहीतरी विनोदी बोललो असे वाटावे. त्यांचे वडील बाभुळगावात शिवणकाम करीत. गिऱ्हाईकाने घरून माप लिहून आणले तर ते कागद उलटा करून त्यावर चहा ठेवीत आणि म्हणत, "माप अंगावर असते, कागदावर नसते. हात वर कर." शिंप्याच्या या लेकीने परिचारिकेचे शिक्षण यवतमाळात घेतले, नेरला पहिली नोकरी केली, पण शिकली ती वडिलांचीच विद्या. सकाळी वॉर्डात आल्यावर इतर सिस्टर आधी रुग्णाची फाईल उघडतात. प्रभावती सिस्टर फाईल बगलेत ठेवून आधी रुग्णाच्या पाठीखाली हात घालीत. चादर ओली आहे का, कातडी गरम आहे का, माणूस दचकतो का, हे त्यांच्या तळव्याला कळे. मग फाईल उघडून त्या तळव्याचे आणि कागदाचे जमते का ते पाहत.

या सवयीमुळे त्यांच्या ठायी एक अभिमान निर्माण झाला होता. आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत, आपल्या वॉर्डात, एकाही रुग्णाच्या पाठीला पडून राहिल्यामुळे जखम झाली नाही, हे त्या कोणालाही सांगत. मैत्रेयीच्या, म्हणजे मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीतही त्यांनी ते सांगितले होते. मुलाकडच्यांनी मुलीचे शिक्षण विचारले होते. बेडसोरविषयी कोणी काही विचारले नव्हते. तरी सोयरिक जमली.

श्रावणातल्या एका शनिवारी या वॉर्डात सेवादास आडे दाखल झाले. वय बहात्तर, जवळच्याच तांड्यावरचे. शेताच्या बांधावरून घसरून खुब्याचे हाड मोडले होते. मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, आणि पुढची शुश्रूषा घराजवळ व्हावी म्हणून त्यांना येथे पाठवले गेले. टाके कोरडे होते, ताप नव्हता. फक्त एकच पथ्य होते, आणि सारे त्यावरच अवलंबून होते: म्हाताऱ्याला एका कुशीवर फार वेळ राहू द्यायचे नाही. दर दोन तासांनी, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवून, कूस पालटायची.

सेवादासांची बायको हयात नव्हती. मुलगा रवी पुण्याला मालमोटारीवर होता. सोबतीला सून आली होती, बिजलीबाई. पस्तिशीची, हाताला कष्टाची सवय असलेली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेली. प्रभावती सिस्टरांनी तिला खाटेजवळ उभे करून सारे नीट सांगितले. उशी कशी ठेवायची, खांद्याला आणि कमरेला एकाच वेळी हात कसा घालायचा, हे करून दाखवले.

"समजलं का, माय? दर दोन घंट्यानं."

पदर हलला. "हो."

सिस्टरांनी फाईलमध्ये नोंद केली आणि सोमवारी सकाळच्या बसने त्या यवतमाळला प्रशिक्षणाला गेल्या. प्रशिक्षणाचा विषय होता, 'रुग्णसेवेची गुणवत्ता आणि संवादकौशल्य'. पाच दिवस त्यांना गुणवत्ता पडद्यावर दाखवण्यात आली. शेवटी प्रमाणपत्र, एक पिशवी आणि न उठणारे पेन मिळाले.

पुढच्या सोमवारी त्या वॉर्डात परतल्या त्या चांगल्या आनंदात होत्या. मारोतीला नवी पिशवी दाखवून झाली, समोरच्या खाटेवरच्या कृषी केंद्रवाल्या घनश्यामला, पाय प्लास्टरमध्ये असतानाही त्याचे पोट कसे वाढले, हे सांगून झाले. मग त्या सेवादासांकडे वळल्या.

"काय म्हणता, बाबा?"

"बरं हाय, सिस्टर. सगळं बरं हाय."

सिस्टरांनी पाठीखाली हात घातला. तळवा माकडहाडाशी पोहोचला आणि म्हाताऱ्याने खाटेची लोखंडी पट्टी घट्ट धरली. हात बाहेर आला तेव्हा दोन बोटे ओली होती.

वॉर्डातला आवाज बंद पडला. घनश्याम नंतर सांगत असे की, पंखा इतका मोठ्याने फिरतो हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले.

त्यांनी पडदा ओढला, म्हाताऱ्याला अलगद कुशीवर घेतले आणि पाहिले. रुपयाएवढी जागा. वरची कातडी गेलेली, खाली लाल ओले मांस, भोवती जांभळी कडा. वरवरची होती, पण होती.

"बाबा, हे दुखत नव्हतं का?"

"दुखत व्हतं."

"मंग बरं हाय, बरं हाय काहून म्हणून राह्यले?"

"रोज तीन सिस्टर इचारत, बरं हाय का म्हणून. इतक्या चांगल्या इचारतात, मंग वाईट कायले सांगाचं?"

सिस्टर बिजलीबाईला घेऊन मागच्या व्हरांड्यात गेल्या. तेथे, सासरा दिसेनासा झाल्यावर, तिने पदर मागे सारला. प्रभावती सिस्टरांनी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला आणि एकाएकी त्यांना जाणवले, की ज्या बाईला आपण एवढे काम सोपवले, तिचे डोळेसुद्धा आपण पाहिले नव्हते.

"मी सांगतलं होतं ना तुले? करून दाखवलं होतं."

"दाखवलं होतं."

"मंग?"

"सिस्टर, ते माहे सासरे होत." बिजलीबाई हळूच बोलली, पण वाक्य तिने पुष्कळ दिवस तयार ठेवले असावे. "अठरा वर्सं झाली लग्नाले. त्याहीच्या समोर मी पदर उघडला नाही, त्याहीच्या संग एक बोल बोलली नाही. आमच्यात तसंच असते. मी त्याहीच्या कमरेखाली हात घालू? त्याहीनं जीव देल्ला असता, सिस्टर, पण हात लावू देल्ला नसता."

"मंग हो कायले म्हटलं?"

"तुमी मोठ्या. तुमाले नाही कसं म्हणू?"

"दुसऱ्या कोणाले सांगाचं!"

"सांगतलं ना. दर पाळीच्या सिस्टरले सांगतलं, बुढ्याले पालटवा म्हणून. त्या फाईल पाहात, आन म्हणत, तुले समजावून देल्लं हाय, तू कर. मारोतीभाऊ दिसले का त्याहीच्या हातापाया पडत होती. ते येत दिवसातून दोनदा. नाहीतं आतालोक भगदाड पडलं असतं."

प्रभावती सिस्टर तरातरा आत आल्या. आता वॉर्डात कोणाचे तरी काही खरे नव्हते, हे सर्वांनी ओळखले. समीक्षा नावाची कंत्राटी सिस्टर औषधांच्या कपाटामागे सरकली. चोवीस वर्षांची ही मुलगी एकाच पाळीत दोन वॉर्ड सांभाळत होती, कारण दुसऱ्या वॉर्डाची जागा तीन वर्षे रिक्त होती आणि रिक्त जागा भरण्यापेक्षा समीक्षाला पळवणे सोपे होते.

"आण फाईल."

फाईल आली. सिस्टर शेवटच्या पानापासून मागे जाऊ लागल्या. रविवार रात्रपाळी: नातेवाईकांना समजावून सांगितले. रविवार दुपार: नातेवाईकांना समजावून सांगितले. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. अक्षरे बदलत होती, शाई बदलत होती, वाक्य बदलत नव्हते. हे वाक्य मोठे गुणाचे आहे. ते लिहिले की काम परिचारिकेच्या हातून सुटते. ते पुढे कोणाच्या हाती पोहोचले की नाही, हे पाहण्यासाठी फाईलमध्ये रकाना नाही. राज्यात असा एकही वॉर्ड नसेल, जिथे हे वाक्य औषधापेक्षा जास्त वापरले जात नाही.

पाने मागे जात होती आणि सिस्टरांचा आवाज चढत होता. "नाव सांग, समीक्षा. हे पहिल्यांदा लिहिलं कोणी? एकीनं लिहिलं आन बाकीच्यांनी मेंढरावाणी..."

पहिले पान आले. शनिवार, सकाळ. तेच वाक्य, ठळक, वळणदार, 'समजावून'खाली एक रेघ मारलेली. खाली सही: प्र. मुनेश्वर.

त्यांनी सहीवर बोट ठेवले. मारोती बादलीकडे पाहत उभा होता.

"हे तं माहंच अक्षर होय," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होती, कोण हे टवळी."

समीक्षाला आधी हसू आले आणि मग रडू. "मॅडम, मी पण पाहायला पाहिजे होतं..."

"होतंच पाहायला पाहिजे. तुही चूक तुह्याजवळ ठेव, मले माही पुरते. आन रडू नको. रडाचा रकाना नाही फाईलमधी."

थट्टा केली खरी, पण घाव बसला होता. अठ्ठावीस वर्षे जी गोष्ट त्यांनी लग्नाच्या बैठकीतही मिरवली, ती त्यांच्याच हाताने मोडली होती, आणि तीही कोणाचा हात आळशी होता म्हणून नव्हे, तर त्यांनी एका बाईचे 'हो' ऐकले आणि तिचा पदर पाहिला नाही म्हणून. ती 'हो' म्हणाली होती सिस्टरांच्या वयाला, कामाला नव्हे. आणि काम मुळात तिचे नव्हतेच. पगार ज्याचा, कूस त्याने पालटायची, एवढे साधे गणित होते.

डॉ. नयन आले. ते एका वर्षाच्या सक्तीच्या सेवेसाठी आलेले तरुण डॉक्टर. मनाने भले, पण कागदाला फार भीत. त्यांनी जखम तपासली.

"सिस्टर, अजून वरवर आहे. दहा दिवस पाहतो. दहा दिवसांत भरली नाही किंवा खोल गेली, तर नागपूरला पाठवावंच लागेल."

हे ऐकून सेवादासांनी आठ दिवसांत प्रथमच आवाज चढवला. "नागपूर नाही! आमच्या तांड्यातले तिघं गेलते नागपूरले. दोघं फोटोत वापस आले."

"आन तिसरा?" घनश्यामने समोरून विचारले.

"तो तिथंच वॉचमन लागला."

डॉक्टर हसू दाबत फॉर्म भरू लागले. शय्याव्रणाच्या फॉर्ममध्ये दोन चौकोन असतात: 'दाखल होतेवेळी होते' आणि 'दाखल झाल्यानंतर झाले'. डॉक्टरांचे पेन पहिल्या चौकोनावर थांबले. ते हळू आवाजात म्हणाले, "मोठ्या दवाखान्यातून आलेत ना हे. पहिल्यात खूण केली तर चौकशी येत नाही."

"सर, द्या इकडं." सिस्टरांनी पेन घेतले आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. "शनिवारी माह्या हातानं पाठ पाह्यली होती. दुधासारखी होती. ते जखम आमच्या घरची होय, तिले दुसऱ्याच्या नावावर काहून घालता?"

दहा दिवस. मंगळवारपासून मोजून, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी, अकराव्या दिवशी, निर्णय होणार होता.

त्याच दुपारी भांडाराच्या खोलीतून हवेची गादी बाहेर आली. ती दोन वर्षांपासून वेष्टनासकट पडून होती. भांडारपालांचे म्हणणे असे की, वापरली तर ती खराब होईल, आणि खराब झाली तर गरजेच्या वेळी काय वापरायचे? या युक्तिवादाला शासकीय सेवेत सहसा उत्तर मिळत नाही. प्रभावती सिस्टरांनी मारोतीला गादीचे एक टोक धरायला सांगितले आणि दुसरे स्वतः धरले.

फाईलमधले जुने वाक्य त्यांनी वॉर्डापुरते बंद केले. त्याऐवजी प्रत्येक दोन तासांपुढे एक रकाना आखला आणि वर लिहिले: 'कोणाच्या हाताने'. ज्याच्या हाताने कूस पालटली, त्याची सही. सांगणाऱ्याची सही चालणार नाही. पाठीवर निजवणे पूर्ण बंद. डावी कूस, उजवी कूस, पुन्हा डावी. जखम सलाईनने धुवायची, कोरडी ठेवायची. दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण.

आणि बिजलीबाईला त्यांनी सर्वांसमोर सांगितले, "तू त्याहीच्या अंगाले हात लावू नको. ते आमचं काम. तू फक्त आमच्यावर लक्ष ठेव. दोन घंटे झाले आन कोणी आलं नाही, तं बोंबल."

बिजलीबाईने बोंब मारण्याऐवजी मोबाईलमध्ये गजर लावला. गजराला तिने कुठल्याशा लग्नातल्या बँडची ध्वनिफीत जोडली होती. मंगळवारी सकाळी आठ वाजता पडद्याआडून ताशा, तुतारी आणि कुणाची तरी आरोळी एकदम उठली. घनश्यामच्या हातातला चहा पांघरुणावर गेला.

"अवं बाई, वरात कोणाची होय?"

"बाबाजीच्या कुशीची!" मारोती धावतच ओरडला.

सुरुवातीला वॉर्ड चिडला. दुसऱ्या दिवशी वॉर्डाला सवय झाली. तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनची वरात निघाली आणि सेवादासांना डावीकडून उजवीकडे घेतले, तेव्हा पलीकडचा दम्याचा रुग्णही उजवीकडे वळला. मग खिडकीजवळचा. शेवटी घनश्याम, एका पायाचे प्लास्टर सांभाळत, कण्हत, त्याच दिशेला वळला आणि म्हणाला, "सगळे तिकडं पाहून राह्यले, मी एकटाच इकडं कायले पाहू?" तेव्हापासून वॉर्डातल्या आठही खाटा गजराबरोबर पालटू लागल्या. डॉ. नयन एकदा ऐन दोन वाजता आत आले आणि आठ पाठी आपल्याकडे झालेल्या पाहून दारातच थबकले. आपल्या विरोधात काही आंदोलन आहे की काय, असे त्यांना क्षणभर वाटले. रात्री मोबाईल नुसता थरथरे, आणि रात्रपाळीची सिस्टर त्या आधीच उठलेली असे. 'कोणाच्या हाताने' या रकान्यात रिकामी जागा फार उघडी दिसते.

सर्वांत अवघड काम मारोतीकडे आले. सून सासऱ्याशी बोलत नसे आणि सासरा सुनेशी. दोघांत हातभर अंतर, मध्ये हिरवा पडदा, आणि पडद्याच्या टोकाला मारोती.

"मारोतीभाऊ, त्याहीले म्हणा, दुसरं अंडं खाऊन घ्या."

"बाबाजी, दुसरं अंडं खाऊन घ्या म्हणते."

"तिले म्हणा, पोटात जागा नाही."

"पोटात जागा नाही म्हणते."

"त्याहीले म्हणा, बेसनाच्या पोळ्याले जागा कशी होते?"

"आता हे कसं म्हणू मी?" मारोती कळवळला. "तुमी दोघं आयकून राह्यले ना एकमेकाचं? मंग मी मधात कायले?"

"मधात कोणी पाह्यजे ना, भाऊ," पडद्याआडून उत्तर आले. "नाही तं ते बोलणं होईन."

सेवादासांनी दुसरे अंडे खाल्ले. खाताना ते हसत होते, असे मारोतीने पडद्यापलीकडे कळवले. ही बातमी पोहोचवायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

जखमेने मात्र घाई केली नाही. चौथ्या दिवशी ती होती तेवढीच होती. पाचव्या दिवशी समीक्षाला कड थोडी वाढल्यासारखी वाटली आणि तिने मोजपट्टी लावली: नाही, तेवढीच. सेवादासांनी तिला विचारले, "पोरी, नागपूर का घर?" ती म्हणाली, "सध्या रस्त्यात आहे, बाबा." प्रभावती सिस्टर आपली पाळी संपल्यावरही घरी जायला उशीर करू लागल्या. मैत्रेयीने फोनवर विचारले, "आई, तुझा पेशंट सीरियस आहे का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "पेशंट मजेत हाय. सीरियस मी हाय."

सातव्या दिवशी पत्र आले. वरिष्ठ कार्यालयाने चौकोनातल्या त्या खुणेची दखल घेतली होती, आणि ज्या कार्यालयाला तीन वर्षांत एक रिक्त जागा दिसली नाही, त्याला ही खूण चार दिवसांत दिसली, याबद्दल त्याचे अभिनंदनच करायला हवे. प्र. मुनेश्वर यांनी खुलासा सादर करावा. प्रश्न एकच होता: 'कूस पालटण्याबाबत रुग्णाच्या नातेवाईकांना समजावून सांगितले होते काय?'

डॉ. नयन उत्साहाने म्हणाले, "सिस्टर, सुटलात! हो लिहा. नोंद आहेच तुमच्या अक्षरात. संपलं प्रकरण."

सिस्टरांनी डॉक्टरांच्याच टेबलावर खुलासा लिहिला. तो दोनच वाक्यांचा होता: 'होय. तीच चूक झाली.'

"मॅडम, हे असं पाठवायचं?" समीक्षाने विचारले.

"असंच. जास्त लिहिलं तं त्याहीले समजते, आपल्याले भेव वाटलं."

पुढे यथावकाश सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली. मारोतीने विचारले, "सिस्टर, ताकीद भेटली तं पेढे कोणाकडून?" सिस्टरांनी खरोखरच पेढे आणले. अठ्ठावीस वर्षांत कार्यालयाने त्यांच्याविषयी लिहिलेली ती पहिलीच खरी गोष्ट होती, असे त्यांचे मत पडले.

पण ते पुढचे. आठव्या दिवशी सकाळी मलमपट्टी सोडताना समीक्षा ओरडली, आणि तिच्या हातातली कात्री पडली. कडेची जांभळी छटा उतरली होती. लाल जागेच्या काठाने, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, गुलाबी कातडी आत सरकू लागली होती. प्रभावती सिस्टरांनी चष्मा पुसून पाहिले, मग चष्मा काढून पाहिले.

"आली," त्या म्हणाल्या. "बरोबर निघाली, आता कोणी मधात नका येऊ तिच्या."

शुक्रवारी डॉ. नयन आले तेव्हा त्यांच्या खिशात नागपूरचा कागद तयार होता. वॉर्डात शुकशुकाट होता. सकाळी आठची वरात नुकतीच होऊन गेली होती आणि बाकीचे सातही जण सेवादासांकडे पाठ करून होते. तरी प्रत्येकाचा एक कान मागे होता. डॉक्टरांनी पट्टी काढली, बोटाने भोवती दाबले, उजेड पाडला. जखमेच्या जागी रुपयाएवढी नवी, चकचकीत कातडी होती.

"बंद झाली," डॉक्टर म्हणाले.

"नागपूर?" सेवादासांनी विचारले.

डॉक्टरांनी कागद काढून सिस्टरांच्या हाती दिला. सिस्टरांनी तो चार तुकडे करून मारोतीच्या बादलीत टाकला. मग वॉर्डात जो काही गोंगाट झाला, त्यात घनश्यामची आरोळी सर्वांत मोठी होती, आणि पडद्याआडून एक मोठा, मोकळा हुंदका आला, ज्याचा अर्थ मारोतीला कोणाला सांगावा लागला नाही.

सेवादास डोळे पुसत म्हणाले, "याडी, एक मागू का?" याडी म्हणजे आई, आपल्याहून अठरा वर्षांनी लहान बाईला ते त्या दिवशी प्रथमच तसे म्हणाले.

"मागा."

"दहा दिवस झाले, इकडची भिंत पाहून राह्यलो, नाहीतं तिकडची. मले एकडाव सरळ झोपू दे. पाठीवर. वर पाहू दे."

डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिले. सिस्टरांनी नव्या कातडीकडे पाहिले.

"अर्धा घंटा. त्याच्यावर एक मिनिट नाही."

दोघींनी, त्यांनी आणि समीक्षाने, म्हाताऱ्याला हवेच्या गादीवर उताणे केले. सेवादासांनी हातपाय सैल सोडले आणि छताकडे पाहिले. छताला ओलीचा एक मोठा डाग होता, मधोमध पंखा, पंख्यावर जाळे. एखाद्याने देऊळ पाहावे तसे ते पाहत राहिले.

"कसं हाय, बाबा?" घनश्यामने विचारले.

म्हातारा झोपला होता. तोंड उघडे, चेहऱ्यावर राजासारखी निवांत तृप्ती. बिजलीबाईने पुढे होऊन पडद्याची फट बुजवली, खिडकीतले ऊन त्यांच्या डोळ्यांवर येत होते. वॉर्डाने आपण होऊन आवाज कमी केला. प्रभावती सिस्टर खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी मनगटावरचे घड्याळ समोर धरले.

अर्धा तास झाला तेव्हा समीक्षा म्हणाली, "मॅडम, किती छान झोपलेत. दहा मिनिटं राहू द्यायचे का?"

"नाही."

त्या उठल्या. एक हात खांद्याखाली गेला, एक कमरेखाली. समीक्षाने गुडघ्यांत उशी सरकवली. दोघींनी श्वास धरला आणि सेवादास आडे, बहात्तर वर्षांचे, साठ किलोचे, पाण्यावरचे पान वळावे तसे उजव्या कुशीवर वळले. त्यांचे घोरणे एका सुरातून दुसऱ्या सुरात गेले, पण तुटले नाही. सिस्टरांनी पेन घेतले आणि रकान्यात आपली सही केली.